गोजरबाईचा मामला

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं फक्त नवऱ्याला. "पुढच्या खेपेला मालकांना घेऊन ये, त्यांच्याशी बोलायचंय," एवढंच त्या गोजरबाईला म्हणाल्या होत्या. पण पिंपळगाव रेणुकाईच्या रखमाजी पाटलांच्या घरात एका माणसाचं काम एका माणसानं करायची रीत नव्हती. भोकरदनला मुक्काम करून, पौषातल्या त्या सकाळी जालन्यातल्या दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली, दोन बैलगाड्या सुटल्या आणि त्यांतून वऱ्हाड उतरावं तसं सगळं घर उतरलं.

आधी उतरले खुद्द रखमाजी. डोक्याला पटका आणि अंगात तहसील कचेरीत जायचा काळा कोट. दवाखानाही सरकारदरबारच आहे, अशी त्यांची समजूत होती. मागोमाग त्यांची बायको द्वारकाबाई, भाकऱ्यांचं गाठोडं छातीशी धरून. मग माय तुळजाबाई. वाटूरला दिलेली बहीण सोनूबाई हिला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणूनच ती आदल्या दिवशी मोटारीनं येऊन लिंबाखालची चांगली जागा धरून बसली होती. सगळ्यात शेवटी उतरला रखमाजींचा धाकटा भाऊ भुजंग. तोच गोजरबाईचा नवरा. ज्याला खरं बोलावलं होतं तो.

आणि गोजरबाई. ती गाडीची दांडी धरून, पाठ वाकवून, एक हात पदराआड घालून उतरली. तिला उतरायला वेळ लागला. सगळे दुसरीकडं बघत राहिले. त्या घरात हे सगळ्यांना छान जमत असे.

धाकटी पोर झाल्यापासून तिची छाती वाढत गेली होती. बाळंतपणात सगळ्यांचीच वाढते, मग उतरते. तिची उतरली नाही, पोर अंगावरून सुटली तरी वाढतच राहिली. चोळीला दुप्पट खण लागायला लागला. तेव्हा सासू म्हणाली, उधळी आहे. मग गोजरबाईनं जुन्या धोतराची झोळी शिवली, ती छातीखालून घेऊन मानेमागं गाठ मारायची. तिला उताणं झोपता येईना, जात्यावर ओणवं होता येईना, कापूस वेचायला वाकली की उभं राहायला दुसरीचा हात लागे. गावातल्या पोरांनी तिला नाव ठेवलं होतं, ते इथं सांगण्यासारखं नाही. भुजंगनं ते ऐकलं होतं. ऐकून तो दुसऱ्या वाटेनं घरी आला होता.

गेल्या पावसाळ्यात पोरीचे डोळे आले म्हणून सोनूबाई वहिनीला आणि पोरीला घेऊन या दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी पोरीचे डोळे बघितले आणि मग आईकडं बघून म्हणाल्या, "आणि तुझं काय?" तेवढ्या तीन शब्दांनी पाटलांचं घर आता लिंबाखाली आलं होतं.

*

"मामला नाजूक हाये," रखमाजींनी घोंगडीवर बसून सुरुवात केली. "घराच्या इज्जतीचा हाये. म्हणून म्या म्हणलं, समदे जाऊ, बराबर समजून घेऊ, आन मंग काय ती तजवीज करू."

"कोणता मामला, दादा?" सोनूबाईनं भोळेपणानं विचारलं.

"हाच."

"हाच म्हंजे?"

"सोने, तोंड चालवू नको."

अशा रीतीनं बैठक सुरू झाली. त्या सकाळी त्या लिंबाखाली एका गोष्टीवर तासभर वाद झाला आणि तिचं नाव एकाही पुरुषाच्या तोंडून निघालं नाही. रखमाजी 'मामला' म्हणत. भुजंग काहीच म्हणत नसे. आणि जिचा मामला होता ती दूर ओसरीवर, थोरल्या दिरासमोर बसायचं नाही म्हणून, खांबाआड पदर ओढून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी सुचवलेल्या ऑपरेशनच्या बाजूनं द्वारकाबाई होती. "मला तर बाई तिचं दुःख बघवत न्हाई," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. गोजरबाईला जात्यावर बसता येत नसल्यानं सगळ्या घराचं दळण द्वारकाबाईवर पडलं होतं, आणि पहाटे जात्याचा खुंटा हातात आला की तिला जावेचं दुःख फार जवळून दिसत असे. "करून टाका म्हणते मी. बरी होऊन आली की दोघी मिळून दळू."

"तू गप ऱ्हाय," तुळजाबाई कडाडली. "तुला बाळंतपणात ताप भरल्ता, तव्हा तुझं पोरगं कोणाच्या अंगावर जगलं? हिच्याच ना? देवानं भरून दिलं ते कापून टाकायचं? उद्या तिला पोरगा झाला तर त्याला काय पाजायचं? पाणी?"

हा मुद्दा मोठा होता. गोजरबाईला दोन पोरी होत्या. पोरगा व्हायचा होता. त्या न झालेल्या पोराला घरात जेवढा मान होता तेवढा झालेल्या दोघींना मिळून नव्हता. त्याचं नाव ठरलं होतं, त्याच्या वाट्याचं शेत ठरलं होतं. बैठकीला तो हजर नव्हता, पण सगळ्यात वजनदार मत त्याचंच होतं.

"मायचं बराबर हाये," रखमाजी म्हणाले. "आन लोक काय म्हणतील? पाटलाच्या सुनेचं कापलं. काय कापलं, असं इचारलं तर काय सांगायचं?"

"खरं ते सांगा," सोनूबाई म्हणाली.

"तुझ्यामुळं झालं हे समदं. तू तिला डोळे दाखवायला आणल्ती का हे दाखवायला?"

"पोरीचे डोळे बरे झाले, दादा. आता मोठ्यांचे उघडायचे ऱ्हायले."

भुजंग काडीनं मातीत रेघा ओढत होता. "भुजंगा, तू काय म्हणतो?" असं रखमाजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढं म्हणाले, "त्याचं बी तेच म्हणणं हाये."

*

डॉक्टर सगुणाबाई नगरकडच्या ख्रिस्ती. पांढरं पातळ, पायात चामड्याच्या वहाणा, आणि बोलणं असं की मधे थांबायचं नाही. त्या ओसरीवर आल्या तेव्हा रखमाजी उठून कोट नीट करत पुढं झाले.

"मी घरचा करता. मामला काय हाये तो बाकायदा समजावून सांगा."

"गोजरबाईचा नवरा कोण?"

सगळ्यांनी भुजंगकडं बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोरच्या बाकावर बसवलं आणि त्याच्याच डोळ्यांत बघत बोलायला सुरुवात केली.

"तुमच्या बायकोचे स्तन फार वाढलेत. हा आजार आहे, तिचा गुन्हा नाही. मी ते कापून लहान करणार."

रखमाजींना एकाएकी आवाराबाहेरच्या चिंचेच्या झाडावर काहीतरी दिसलं. ते बराच वेळ तिकडंच बघत राहिले.

"ईथरचा वास देऊन झोपवू. आतली जादा चरबी, गाठी आणि कातडी काढू. बोंडी उचलून वर बसवू आणि शिवू. एक उभी शिवण, एक खालून आडवी. वण आयुष्यभर राहतील. आधी लाल, जाड, मग फिके होतील. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतील असं मी सांगत नाही. सूज येईल, काळंनिळं होईल. आत साचणारं रक्त-पाणी निघून जावं म्हणून रबराच्या नळ्या ठेवू. बोंडीला पुन्हा स्पर्श कळेलच असं नाही. कधी कधी तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती काळी पडते. जखम चिघळू शकते. आणि ईथरमध्ये माणूस क्वचित दगावतोही. हे मी तिला आधीच सांगितलंय."

"तिला सांगितलं?" तुळजाबाईनं विचारलं. "मंग ती काय म्हणली?"

"कधी करायचं, म्हणाली."



"तुमी हे आधी केलं का?" सोनूबाईनं विचारलं. आतापर्यंतचा पहिला कामाचा प्रश्न.

"मद्रासला शिकत होते तेव्हा माझ्या गुरुबाईंच्या हाताखाली. इथं आल्यावर एकदा, एकटीनं. ती बाई बरी आहे. फार केलेत असं खोटं सांगणार नाही."

"आन दूध?" तुळजाबाई म्हणाली.

"पुढं मूल झालं तर बहुतेक येणार नाही. आलंच तर पुरणार नाही."

तुळजाबाईनं लेकाकडं असं बघितलं, की आता आणखी काय ऐकायचं राहिलं?

"घरी आली की कामाला लागल ना?" द्वारकाबाईनं हसून विचारलं.

"छे! टाके निघाले तरी पुढं दोन महिने जातं नाही, घागर नाही, धुणं नाही. हात डोक्याच्या वर न्यायचा नाही. पोरगी कडेवर घ्यायची नाही. छाती पट्ट्यानं बांधून ठेवायची, रात्री पाठीमागं उशा लावून झोपायचं. घरातलं सगळं दुसऱ्या बाईला करावं लागेल."

दुसऱ्या बाईचा चेहरा उतरला. "मी तर आधीपासून म्हणत व्हते," द्वारकाबाई हळूच सासूकडं सरकत म्हणाली, "देवानं दिल्यालं कापू नाय."

तुळजाबाईला आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या सुनेचं म्हणणं पटलं.

"आणि मिशरी बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तंबाखूनं जखम भरत नाही. पण ती तिनं आधीच सोडलीय."

आता सगळ्यांनीच एकमेकांकडं बघितलं. गोजरबाईनं दिवाळीपासून मिशरी लावली नव्हती. घराला वाटलं होतं, पोरगा व्हावा म्हणून रेणुकाईला नवस केलाय. तुळजाबाईनं तर शेजारणींना कौतुकानं सांगितलंही होतं.

तेवढ्यात आतून नर्स फरजाना औषधाचा ट्रे घेऊन आली. थोरल्या पाटलांचा पडलेला चेहरा बघून तिला दया आली. "पाटीलसाब, एवढं काय घाबरता? जागीरदारसाहेबांच्या बेगमसाहेबांचं ऑपरेशन बी इथंच झालं. बिलकुल ठीक होऊन गेल्या."

रखमाजींची नजर चिंचेवरून परत आली. "बेगमसाहेबांचं? याच मामल्याचं?"

"पेशंटची गोष्ट आमी बाहेर सांगत न्हाई," फरजाना म्हणाली आणि निघून गेली.

बेगमसाहेबांचं ऑपरेशन पोटाचं होतं. ते फरजानानं सांगितलं नाही आणि रखमाजींनीही जास्त चौकशी केली नाही. त्यांना हवं ते मिळालं होतं. जे जागीरदाराच्या घरी झालं ते पाटलाच्या घरी व्हायला हरकत काय?

"मोठ्या घरात असले मामले होतातच," ते घसा खाकरत म्हणाले. "माय, मला वाटतं मंजुरी द्यावी."

"मंग मी न्हाई देत," तुळजाबाई म्हणाली.

*

खांबाआड बसून गोजरबाईनं सगळं ऐकलं होतं. कोण कुठं होतं आणि आता कुठं गेलं, हे तिला दिसत होतं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिला भीती वाटत होती ती वेगळीच. मरायची होती, बोंडी काळी पडायची होती, पण सगळ्यात जास्त याची होती, की आता हे सगळे भाकऱ्या खाऊन, हात धुऊन, तिला परत गाडीत बसवतील.

ती उठली. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलली नव्हती. आताही पदर डोळ्यांपर्यंतच होता. पण आवाज सगळ्यांना गेला.

"आत्याबाई, जरा आत या."

"कशाला?"

"माझी थानं बघायला."

रखमाजी पुन्हा चिंचेकडं वळले. द्वारकाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. सोनूबाईनं तोंडाला पदर लावला, हसू आलं होतं की रडू, ते तिलाच कळेना. तुळजाबाई मात्र उठली. आता बसून राहिलं तर आणखी काय काय ऐकावं लागेल, याचा भरवसा नव्हता.

तपासायच्या खोलीत पडद्याआड गोजरबाईनं चोळीची गाठ सोडली, मग मानेमागची झोळीची गाठ सोडली. वजन खाली आलं तेव्हा तिच्या तोंडून हुंकार निघाला. तुळजाबाईला आधी वास आला. आंबूस, दमट. मग तिनं बघितलं. गोजरबाईनं दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं. खालची कातडी सोललेली, ओली, लालभडक, आणि कडेला पिवळी. मानेवर, जिथं झोळीची चिंधी रोज रुतायची, तिथं घट्टा पडला होता, आणि घट्ट्याच्या मधोमध चीर.

असा घट्टा तुळजाबाईला ओळखीचा होता. बैलाच्या खांद्यावर पडतो. रखमाजी अशा बैलाला औताला जुंपत नसे. हळद-तेल लावून गोठ्यात बांधून ठेवी, गड्यांना दम देई. गेल्या चैत्रात पांढऱ्या बैलाचा खांदा आला होता, तेव्हा सगळं घर हळहळलं होतं.

"बोलली न्हाईस कव्हा," ती म्हणाली.

"बोलले व्हते. तुमी म्हणल्या, राख लाव."

तुळजाबाईला ते आठवलं. तिनं दुसरंही काही विचारलं असतं, पण शब्द सापडेनात, म्हणून तिनं तिच्याजवळ कायम असायचा तोच प्रश्न काढला. "आन पोरगा झाला तर?"

"शेळी घ्या, आत्याबाई," गोजरबाई म्हणाली. "चांगली दुभती बघून घ्या. मी शेळी न्हाई."

तुळजाबाई बाहेर आली. लिंबाखाली गेली, तांब्यातून पाणी प्याली, आणि भुजंगला म्हणाली, "जा. अंगठा दे."

"पर आत्याबाई, तुमी तर—" द्वारकाबाई म्हणाली.

"दोन म्हैने तू दळशील. आन तोंडातून हूं निघालं तर सोनीला वाटूरहून आणून घरात ठेवीन. कायमची."

सोनूबाईनं लगेच होकार भरला. एवढी मोठी धमकी त्या घरात आजवर कोणी कोणाला दिली नव्हती.

*

भुजंग आत गेला तेव्हा टेबलावर कागद आणि शाईची गादी होती. त्यानं अंगठा पुढं केला.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी तिचा. अंग तिचं आहे."

गोजरबाईनं अंगठा उठवला. मग डॉक्टरीणबाई काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेल्या, आणि नवराबायको लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच भरदिवसा एका खोलीत एकटे उरले.

भुजंग गादीवरच्या शाईकडं बघत होता. त्यालाही झोळी ठाऊक होती. अंधारात हाताला लागायची. त्यानं कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

"लै दुखल का?" तो म्हणाला.

"दुखल. आता दुखतं त्याहून येगळं."

"आन मेलीस तर?"

"पोरी वन्संकडं ठेवा. जाऊबाईकडं नगं."

तिनं हे इतक्या तयारीनं सांगितलं, की भुजंगला कळलं, ही कित्येक दिवस यावर विचार करत होती. त्याच्या शेजारी, कुशीवर पडून.

"मला भ्या वाटून राह्यलं," तो म्हणाला.

"मला बी."

त्यानं अंगठा उठवला. शाई जरा जास्तच लागली होती, ठसा फुटला. पण डॉक्टरीणबाई परत येऊन म्हणाल्या, चालेल.

*

ऑपरेशनच्या सकाळी गोजरबाईला उपाशी ठेवलं. फरजानानं नाकावर कापडाची टोपी धरली. उग्र, गोडसर वास आला, गुदमरायला झालं, ती टोपी ढकलायला गेली तर कोणीतरी हात धरला. "अम्मा का नाम लो," फरजाना म्हणत होती. गोजरबाईला आपल्या आईचं नावच आठवेना, आणि ते आठवता आठवता सगळं गेलं.

जाग आली ती ओकारीनं. छातीवर पेटती चूल बांधल्यासारखं झालं होतं. ओकारी आली की शिवण ताणायची, आणि ओकारी थांबत नव्हती. बगलेखालून रबराच्या नळ्या निघाल्या होत्या, त्यांतून तांबडं पाणी बाटलीत पडत होतं. ती दिवसभर डॉक्टरीणबाईंना, सोनूबाईला आणि रेणुकाईला शिव्या देत होती. रेणुकाईचं माहीत नाही, पण बाकीच्या दोघींनी मनावर घेतलं नाही.

पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा तिनं खाली बघितलं. निळंजांभळं, सुजलेलं, काळ्या दोऱ्यांनी शिवलेलं. गोधडीवर तरी नीट टाके घालतात. ती रडायला लागली. तिला वाटलं होतं, ओझं गेल्यावर हलकं वाटेल. वाटलं असं, की कोणा दुसऱ्या बाईचं अंग आपल्याला शिवून टाकलंय.

"ही सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज काही ठरवू नकोस. आज कोणीच ठरवत नाही."

मग ताप आला. डाव्या बोंडीची कड काळी पडली. डॉक्टरीणबाई दिवसातून दोनदा येऊन बघत, धुवत, आणि त्यांचं बोलणं एकाएकी कमी झालं, तेव्हा गोजरबाई खरी घाबरली. रोज पट्टी सोडताना जखमेला चिकटलेलं जाळीचं कापड सुटायचं, तेव्हा ती फरजानाच्या मनगटाला धरायची. फरजानाचं मनगट सुजलं. काळी कड हळूहळू गळून पडली, खालून गुलाबी आलं, उशिरा आलं, पण आलं. तिथं रुंद वण राहिला, आणि डाव्या बाजूला बोट लावलं तर काही कळत नसे. उजव्या बाजूला कळे.

या सगळ्या दिवसांत लिंबाखाली दोघी राहिल्या, तुळजाबाई आणि सोनूबाई. मायलेकी एकमेकींशी धड बोलत नसत, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. सोनूबाईनं आवारातल्या प्रत्येक बाईला वहिनीचं ऑपरेशन सविस्तर सांगितलं, शिवणीसकट. तुळजाबाई आधी रागावली, मग तिचं चुकलेलं सांगणं दुरुस्त करायला लागली. "उभी न्हाई गं नुसती, खालून आडवी बी हाये," असं ती परक्या बायांना सांगताना फरजानानं स्वतः ऐकलं.

तिकडं पिंपळगावात रखमाजी पारावर बसून सांगत होते, की बेगमसाहेबांचं झालं तेच भावजयीचं करून आणतोय. काय झालं, असं कोणी विचारलंच तर ते म्हणत, "ते मोठ्या घरातलं असतं. तुमाला कळणार न्हाई." लोकांना ते लगेच पटलं. पोरांनी ठेवलेलं ते नाव मात्र बंद व्हायला आणखी वेळ लागला.

*

गोजरबाई घरी आली तेव्हा तिला बघायला बायांची रीघ लागली. त्या 'तब्येत कशी हाये' म्हणत आणि नजर पदरावर ठेवत. काहींची निराशा झाली, की ही तर आपल्यासारखीच दिसते. एक-दोघी मागं रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईचं नाव काय गं?" द्वारकाबाईनं दोन महिने दळलं. हूं निघालं नाही, पण ओव्यांमध्ये जावेचा उद्धार इतका झाला, की शेजारच्या घरात त्या ओव्या पाठ झाल्या. तुळजाबाईचं अजूनही म्हणणं होतं, की देवाचं काम माणसानं हातात घेऊ नये. पण हे म्हणत ती सुनेच्या वणांना खोबरेल लावत असे, आणि दुसऱ्या कोणाला लावू देत नसे.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेतात तूर उभी होती, कापूस वेचणीला आला होता, आणि सगळं घर रानात होतं. वेचणी चालू असताना बांधावरच्या खोंडानं खुंटी उपटली आणि ते शेजाऱ्याच्या ज्वारीत घुसलं. आरडाओरड झाली. रखमाजी ओरडत होते, गडी लांब होते, भुजंग विहिरीकडं होता. सगळ्यात जवळ होती गोजरबाई.

तिनं ओटीतला कापूस भुईला टाकला, लुगड्याचा काचा खोचला आणि ती पळाली.

सरी ओलांडून, ढेकळं तुडवत, बांधावरून उडी मारून. पदर मागं उडत होता. ज्वारीची पानं बाजूला होत गेली आणि ती आत दिसेनाशी झाली, मग पलीकडून निघाली, दाव्याला धरून, खोंडाबरोबर फरफटत, पण दावं न सोडता.

"आगं, पाटलाच्या सुना अशा—" रखमाजींनी सुरुवात केली.

"पळू दे," तुळजाबाई म्हणाली. ती हातात बोंडं तशीच धरून उभी होती.

भुजंग विहिरीवरून धावत आला आणि बांधावरच थांबला. इतक्या वर्षांत त्यानं या बाईला चालताना बघितलं होतं, वाकलेली बघितली होती, खांबाला टेकून उभी राहिलेली बघितली होती. तिला पळता येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिलाही बहुधा आत्ताच कळलं होतं. कारण ती धापा टाकत होती, कपाळावर घाम होता, एका पायाला काटा लागून रक्त आलं होतं, आणि ती हसत होती.

"काय बघून राह्यले?" ती ओरडली. "दावं धरा की!"